अरबी येणारा, मराठी न येणारा : नोकिया ६६००चे पुनर्वाचन

जुन्या पुस्तकाच्या पुनर्वाचनाचे लेख आपल्या वाचकांना नवे नाहीत. जुन्या यंत्राचे पुनर्वाचन मात्र आपल्याकडे फारसे होत नाही. यंत्राबद्दल लिहायचे म्हणजे एकतर माहितीपत्रक नाहीतर आठवणींचा उमाळा, असे दोनच प्रकार रूढ आहेत. अलीकडे नोकिया ६६०० या फोनवर जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असते. ‘काय मजबूत फोन होता, पडला तरी काही होत नसे’ एवढ्यावर ते संपते. तो मजबूत होता हे खरे. परंतु लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाच्या हातात आलेले एक साधन म्हणून त्याची परीक्षा व्हायला हवी, असे मला गेली काही वर्षे वाटते आहे.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. हिशेबनिसीवर पोट भरत वऱ्हाडी बोलीतले शेतीचे शब्द गोळा करण्याचा नाद मला तिशीत लागला. त्या कामात हा फोन माझ्याबरोबर होता आणि त्याने माझे जे केले, किंवा मी त्याच्या भरवशावर जे केले, त्याचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. म्हणून हा लेख.

वस्तू आणि तिचा काळ

नोकिया ६६००ची घोषणा जून २००३मध्ये झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो बाजारात आला. आपल्याकडे ते वर्ष मोबाईलच्या दृष्टीने निर्णायक होते. १ मे २००३पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागणे बंद झाले. रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपयांत फोन हातात दिला. नोकियाचाच ११००, बॅटरी असलेला आणि धुळीला दाद न देणारा, त्याच वर्षीचा. म्हणजे एकीकडे फोन रिक्षावाल्यापर्यंत पोहोचत होता आणि दुसरीकडे ६६०० हा त्याच कंपनीचा महागडा, ‘शहाणा’ फोन दुकानाच्या काचेआड मांडला जात होता. नागपुरात सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर तो काचेतून बघणारे अनेक होते, त्यांत मीही होतो.

त्याचे अंगभूत तपशील थोडक्यात असे. वजन सुमारे १२२ ग्रॅम. पडदा १७६ बाय २०८ ठिपक्यांचा, ६५ हजारांवर रंग दाखवणारा. ६४० बाय ४८० ठिपक्यांचा कॅमेरा. आतली साठवण ६ मेगाबाईट आणि सोबत ३२ मेगाबाईटचे कार्ड. ब्लूटूथ आणि इन्फ्रारेड. प्रोसेसरचा वेग १०४ मेगाहर्ट्झ. आजच्या फोनशी हे आकडे ताडून हसण्यात अर्थ नाही. बैलगाडीला मोटारीचा वेग विचारण्यासारखे ते होईल.

महत्त्वाची गोष्ट त्याच्या आत होती. त्यात सिम्बियन नावाची कार्यप्रणाली होती. सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी १९९८ साली मिळून सिम्बियन कंपनी काढली, तिचा पाया सायनच्या खिशातल्या छोट्या संगणकांत होता. त्यामुळे ६६०० हा गाणी वाजवणारा फोन नसून फोन करता येणारा लहान संगणक होता. कंपनीने दिले नाही ते दुसऱ्या कोणी लिहिले असेल तर आपण त्यात घालू शकत होतो. ‘स्मार्ट’ या विशेषणाचा त्या काळातला खरा अर्थ हाच.

गुण

गुणांची बाजू आधी मांडतो, कारण ती खरी आहे आणि मी तिचा लाभ घेतलेला आहे.

मी हा फोन २००६ साली वापरलेला घेतला, सहा हजारांना. तोवर मला संगणक म्हणजे कचेरीतला, साहेबाच्या परवानगीने वापरायचा, एवढेच ठाऊक होते. फाईल म्हणजे काय, ती एका जागेवरून दुसरीकडे कशी नेतात, प्रोग्राम कसा घालतात, कसा काढतात, हे मी या फोनवर शिकलो. शब्दकोश, हिशेबाची वही, पुस्तक वाचायचे साधन, अशा गोष्टी कोणाकडून तरी ब्लूटूथने घ्यायच्या आणि चालतात का बघायचे. वर्ग नाही, शिक्षक नाही, फी नाही. माझ्यासारख्या घरी शिकलेल्या माणसाला हे यंत्र शाळेसारखे वाटले तर नवल नाही.

दुसरा गुण त्याच्या कळांचा. न बघता, खिशात हात ठेवून लिहिता येत असे. शेताच्या बांधावर उभे राहून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत टिपण घेता येत असे. आजच्या काचेच्या पडद्यावर हे जमत नाही. माणूस बोलत असताना आपण खाली बघितले की त्याचे बोलणे आखडते, हे क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

तिसरा गुण, तो थांबून विचारत असे. या गुणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००४ साली ‘काबिर’ नावाचा ब्लूटूथने पसरणारा किडा याच जातीच्या फोनांमध्ये निघाला. तो चोरपावलांनी शिरत नसे. ‘ही फाईल घेऊ का, हा प्रोग्राम बसवू का’ असे फोन विचारत असे आणि मालक ‘हो’ म्हणत असे. प्रश्न इंग्रजीत असे. ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याच्यासाठी ‘हो’ ही पुढे जाण्याची कळ, एवढाच तिचा अर्थ. यंत्राने परवानगी मागितली आणि माणसाने दिली, हे कागदावर खरे असले तरी ज्या भाषेत मागितली ती भाषा माणसाची नव्हती. येथून आपण दोषांकडे येतो.

चौकोन

माझ्या हातात आलेला हँडसेट बहुधा आखाती देशांतून फिरून आलेला होता. त्याच्या कळांवर इंग्रजी अक्षरांशेजारी अरबी अक्षरे छापलेली होती. भाषा बदलली की सगळा मेन्यू उजवीकडून डावीकडे वळे. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे रूप घेते, शेजारच्या अक्षराला जोडले जाते. हे सगळे तो फोन बिनचूक करीत असे. मात्र मुंबईच्या एका मित्राने एकदा हौसेने देवनागरीत संदेश पाठवला तेव्हा माझ्या पडद्यावर रिकाम्या चौकोनांची ओळ उमटली.

या चौकोनांमागची गोष्ट मला पुढे कळली आणि ती मला अजून खटकते. सिम्बियनच्या या पिढीत मजकूर आतून युनिकोडमध्येच साठवला जाई. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून जागा आहे. ती जागा आपल्याच देशात ठरलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीच्या आधाराने आखलेली आहे. ‘क’चा क्रमांक ०९१५, ‘ळ’चा ०९३३. म्हणजे मित्राचा संदेश माझ्या फोनपर्यंत अखंड पोहोचला होता, प्रत्येक अक्षर आपापल्या क्रमांकासह आत बसलेले होते. नव्हता तो फक्त अक्षराचा चेहरा, आणि काना, मात्रा, जोडाक्षरे जागच्या जागी बसवण्याचा नियम. पत्र आले होते, ते वाचून दाखवणारा घरात नव्हता.

तेव्हा ‘देवनागरी अवघड लिपी, त्या काळच्या यंत्राला झेपली नसती’ हे उत्तर मला पटत नाही. अरबी झेपत होती. शिवाय नोकियाने २००० सालीच ३२१० या साध्या फोनात हिंदी मेन्यू दिला होता, आणि २००४मध्ये ‘सरल मोबाईल संदेश’ या नावाने हिंदीतून लघुसंदेशाची सोय अनेक फोनांत आणली. अडचण कारागिरीची नव्हती. देशी भाषा ही स्वस्त फोनाच्या गिऱ्हाइकाची गरज आणि महाग फोन घेणारा तो इंग्रजीवालाच, अशी एक समजूत या मांडणीच्या मुळाशी दिसते. हिंदीला निदान ही दुय्यम जागा तरी मिळाली. मराठीचे काम हिंदीत भागेल असे गृहीत धरले गेले. लिपी एक असली तरी ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ यांच्यावाचून मराठीचे पान पुरे होत नाही. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगरातला माणूस समुद्रात पडतो.

सत्तर अक्षरे

लघुसंदेशाचे गणितही बघण्यासारखे आहे. एका संदेशाला १४० बाईट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरे. देवनागरीला १६ बिट, म्हणून ७०. त्यात ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द घ्या. आपण तो चार अक्षरांत उच्चारतो, पण काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार असे सगळे धरून यंत्र त्याची १५ चिन्हे मोजते. असे पाच शब्द एका संदेशात मावत नाहीत. म्हणजे फोनला मराठी आली असती तरी तीच गोष्ट मराठीत सांगायला दुप्पट, तिप्पट पैसे पडले असते. हा नियम या फोनचा नव्हे, साऱ्या मोबाईल व्यवस्थेचा. पण परिणाम एकच झाला. एक अख्खी पिढी मराठी रोमन अक्षरांत लिहू लागली.

‘त्यात काय बिघडले, अर्थ तर कळतो’ असे पुष्कळ जण म्हणतात. निरोपापुरते ते खरे आहे. ‘काय करून राहिला बे’ हे रोमनमध्ये लिहिले तरी नागपूरचा माणूस नागपुरीच वाचतो, कारण तो शब्द नव्हे तर बोलणारा ओळखतो. पण बोलणारा ओळखीचा नसेल, किंवा तो हयात नसेल, तेव्हा काय? माझा विषय येथे सुरू होतो.

एक मिनिट

माझी आत्याबाई अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडे राहत असे. तिच्या तोंडी शेतीचे जे शब्द होते ते मला कोणत्याही कोशात एकत्र सापडले नव्हते. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, पाणीचे पानी. ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. पण सगळीकडे नाही, सगळ्यांच्या तोंडी नाही. कोणत्या शब्दात होतो आणि कोणत्या शब्दात तीच बाई ‘ळ’ राखते, हेच तर मला टिपायचे होते.

मी टिपणे फोनवर घेतली, रोमनमध्ये. एन हे एकच अक्षर ‘न’लाही आणि ‘ण’लाही. डी हे ‘द’लाही, ‘ड’लाही. एल हे ‘ल’लाही, ‘ळ’लाही. ‘तिफण’ म्हणाली की ‘तिफन’, माझ्या टिपणात दोन्ही एकच. ‘डवरा’ आणि ‘दवरा’ एकच. ज्या फरकासाठी मी एस.टी.ने चार तास जात होतो, तोच फरक लिहिताना पुसत होतो. खिशात पेन होते, पिशवीत वही होती. पण फोनवर टिपणारा संशोधक आपण झालो, याची मला ऐट होती.

आवाज मुद्रित करण्याची सोय फोनात होती, पण एका वेळी फक्त एक मिनिट. मिनिट झाले की मुद्रण थांबे, आत्याबाईचे वाक्य कुठेही असो. ती बिचकून विचारी, ‘माह्यं चुकलं का रे बाप्पा?’ आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे. दुसऱ्यांदा सांगताना ती पाहुण्यांशी बोलावे तसे शुद्ध बोले, हे मी फार उशिरा ओळखले. एका मिनिटाच्या मुद्रणाला शंभर किलोबाईटही जागा लागत नसे. कार्डावर अशी कित्येक मावली असती. ही मर्यादा जागेची नव्हती. मुद्रण म्हणजे दुकानातून आणायच्या वस्तूंची आठवण, एवढीच कल्पना ती सोय करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावी. फोनच्या आवाजाची कक्षाही बोलण्यापुरतीच, चार हजार कंपनांच्या आत. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक त्यात पुसट होतो. ‘न’ आणि ‘ण’ मात्र लक्ष देऊन ऐकले तर वेगळे कळत. म्हणजे टिपणात गेले ते आवाजात उरले होते.

२००८मध्ये फोन सुरू होईना. सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. ‘भाऊ, सॉफ्टवेअर मारना पडेंगा’ एवढे ऐकून मी मान हलवली. आत काय आहे हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. फोन संध्याकाळी नवा होऊन आला, रिकामा. कार्डावर ठेवलेली अकरा मुद्रणे वाचली, फोनच्या पोटातली सगळी गेली. आत्याबाई त्याआधीच्या उन्हाळ्यात वारली होती. टिपणे मी वहीत उतरवून ठेवली होती, पण जशीच्या तशी, रोमनमध्ये, नंतर सवडीने देवनागरीत करू म्हणून.

दोष कोणाचा

समीक्षकाने येथे सावध राहायला हवे. माझ्या नुकसानीचा दोष मी फोनला देत नाही. वही असताना न वापरणे, मुद्रणांची दुसरी प्रत न करणे, दुकानदाराला न सांगणे, हे तिन्ही माझे. यंत्राला एक मिनिट आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

पण माझ्या चुका वजा केल्यावरही एक प्रश्न उरतो. एखादे साधन आपल्या भाषेत लिहू देत नाही, हे खटकायला मला दोन वर्षे का लागली? झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या इमारतीत मराठीच्या भवितव्यावर झालेली भाषणे मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकली आहेत. तेव्हा खिशातल्या फोनवर मी शेजाऱ्याला रोमन मराठीत संदेश लिहीत होतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे माझ्या मनातही आले नाही. मराठी ही भाषणाची, पुस्तकाची, दिवाळी अंकाची भाषा, आणि यंत्राची भाषा ती इंग्रजीच, अशी वाटणी मी आतून मान्य केली होती. जे गिऱ्हाईक मागतच नाही, त्याला दुकानदार का देईल?

नंतर जे घडले ते हळूहळू घडले. २००६पासून जगभर मिळू लागलेल्या ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक युक्ती पुढे आली. फोनला लिपी येत नसेल तर अक्षरांचे चित्र दूरच्या संगणकावर करून पाठवायचे. पानावर मराठी दिसे, पण ती छायाचित्रासारखी, वाचायची, लिहायची नाही. अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीत, २०११च्या अखेरीस, देवनागरी नीट उमटू लागली. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर २२ भाषा वाचता आल्याच पाहिजेत असे मानक, आय. एस. १६३३३चा तिसरा भाग, लागू करण्याचा आदेश सरकारने २०१६मध्ये काढला. ६६००च्या घोषणेनंतर तेरा वर्षांनी.

आजचा फोन

आता सगळे सुरळीत झाले, असे म्हणून लेख संपवता आला असता. आजच्या फोनवर मी मराठी टंकतो, बोललो तरी तो लिहून घेतो. मुद्रणाला मिनिटाची अट नाही. पण मी ‘डोया’ लिहिले की तो ‘डोळा’ सुचवतो. ‘पानी’ म्हटले की ‘पाणी’ उमटवतो. जुन्या फोनला मराठी येत नव्हती. नव्याला येते, पण शाळामास्तरची. पहिला माझ्या आत्याबाईचा शब्द लिहू शकत नव्हता, दुसरा तो दुरुस्त करतो. दोहोंतला दुसरा अधिक फसवा आहे. चौकोन दिसला की निदान काहीतरी गेले हे कळते. ‘डोळा’ उमटला की काही गेले आहे याची शंकाही येत नाही.

म्हणून ६६००चा निवाडा मी असा करीन. ज्याने तो हाताळला त्याला यंत्राची भीती उरली नाही, हे त्याचे मोठे काम. शिकायला त्याने दार उघडे ठेवले, हेही. परंतु तो ज्यांच्यासाठी शहाणा होता त्यांत मराठी लिहिणारा माणूस नव्हता, आणि ही गोष्ट त्या माणसाने, म्हणजे मीही, मुकाट्याने चालवून घेतली. जुन्या फोनची आठवण काढताना मजबुतीबरोबर हेही आठवायला हवे, कारण तोच प्रश्न आज बोलींच्या बाबतीत समोर आहे आणि या वेळी मागायला आपण उशीर करू नये.

वहीतले बरेच शब्द मी पुढे मोर्शीकडच्या इतर म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरवून घेतले. काही अजून बाकी आहेत. एका टिपणात ज्वारीपुढे रोमनमध्ये चारच अक्षरे आहेत : के, ए, एन, आय. ती ‘कणी’ असेल तर भरडलेले धान्य आणि आत्याबाई स्वयंपाकाचे सांगत होती. ‘काणी’ असेल तर कणसावरचा रोग आणि ती एखाद्या बुडालेल्या सालाचे सांगत होती. ‘कानी’ म्हणाली असेल तर रोगाचे नाव तिच्या तोंडी कसे होते तेही कळले असते. वाचलेल्या अकरा मुद्रणांत हा शब्द नाही. माझ्या शब्दसंग्रहाच्या हस्तलिखितात त्या जागी मी रेघ ओढून ठेवली आहे.